ताप उतरल्यानंतरचे दिवस

१९१८ साली मुंबई इलाख्याच्या मृत्युनोंदवहीत इन्फ्लुएन्झासाठी रकानाच नव्हता. पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण-अतिसार, श्वसनाचे विकार, इजा, आणि उरलेले सगळे ‘इतर कारणे’. गेलेल्या माणसाला यांपैकी कुठेतरी बसवायचे. गावोगावी ही नोंद करणारे पाटील-कुलकर्णी काही वैद्यकी शिकलेले नव्हते. अंग तापून माणूस गेला की नोंद ‘ताप’. त्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात घरेच्या घरे अंथरुणाला खिळली, नोंद करणारेही आडवे झाले, आणि जी काही नोंद झाली ती बहुतेक या एकाच रकान्यात झाली. आपल्या खेड्यांत पुढे ‘मानमोडी’ म्हणून जिची आठवण राहिली, ती साथ सरकारी कागदावर अशी नावाशिवाय उतरली आहे.

भारत सरकारचे सॅनिटरी कमिशनर मेजर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ मध्ये या साथीचा प्राथमिक अहवाल लिहिला, तेव्हा त्यांना उलट्या बाजूने हिशेब मांडावा लागला. नेहमीच्या वर्षी ‘ताप’ आणि ‘श्वसनाचे विकार’ या रकान्यांत किती मृत्यू पडतात ते पाहायचे, १९१८ मध्ये किती पडले ते पाहायचे, आणि जादा निघतील ते साथीच्या नावावर लावायचे. अशा रीतीने त्यांचा आकडा साठ लाखांवर आला. पुढे लोकसंख्येच्या अभ्यासकांनी हाच हिशेब जनगणनेशी ताडून पाहिला. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली होती. त्यामुळे साठ लाखांचा आकडा तोकडा पडतो हे उघडच होते. इयन मिल्स यांनी १९८६ मध्ये एक कोटी सत्तर ते ऐंशी लाख असा अंदाज दिला, २०१२ मध्ये सिद्धार्थ चंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो सुमारे एक कोटी ३९ लाखांवर आणला. खालचा आकडा धरला तरी जगातल्या कुठल्याही देशापेक्षा आपल्याकडे अधिक माणसे गेली.

किती गेली याचा वाद अजून चालू आहे. कशाने गेली, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा कोणी विचारत नाही. फ्लूने गेली, असे म्हणून आपण पुढे जातो. उरलेले कागद बारकाईने वाचले की चित्र वेगळे दिसते. फ्लूने माणसाला पाडले, पण बहुतेकांचा जीव घेतला तो पाठोपाठ आलेल्या जिवाणूंच्या न्युमोनियाने. आणि या दोन घावांच्या मध्ये काही दिवस होते. त्या दिवसांत रुग्णाला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, यावर त्याचे जगणे-मरणे ठरले. हे कशाच्या आधारावर म्हणता येते, ते पुढे मांडतो.

आधी मुंबई. १० जून १९१८ रोजी पोलिसांचे सात शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांच्यातला एक जण गोदीवर पहाऱ्याला होता. ताप हिवतापाचा नव्हता. पुढच्या आठ-दहा दिवसांत पोर्ट ट्रस्ट, टांकसाळ, तारखाते, बँका, गिरण्या असे करत तो शहरभर पसरला. पालिकेचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांच्या अहवालात आणि मेजर फिप्सन यांनी १९२३ मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये लिहिलेल्या लेखात हा क्रम येतो. ही पहिली लाट तशी सौम्य होती. माणसे तीन दिवस फणफणून उठली. जुलैअखेर ती ओसरली. सप्टेंबरात दुसरी लाट आली, आणि ६ ऑक्टोबर या एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे मेली.

त्या वर्षीच्या मुंबईचा आणखी एक कागद मला सगळ्यांत बोलका वाटतो. साथीतल्या मृत्यूंचे दर हजारी प्रमाण त्यात समाजवार दिलेले आहे. युरोपियनांत ८.३, पारशांत ९, सर्वसाधारण हिंदूंत १८.९, आणि त्या काळच्या सरकारी भाषेत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणून ज्यांची वेगळी नोंद केली होती त्यांच्यात ६१.६. शहर एक, हवा एक, विषाणूही एकच. मलबार हिलवर आणि गिरणगावात लागणीत थोडाफार फरक पडला असेल हे मान्य. पण मृत्यूत सातपटीची तफावत एकट्या लागणीने पडणे अवघड. ताप आल्यानंतर जे घडले, त्यातच या तफावतीचे मूळ शोधले पाहिजे. हे माझे अनुमान आहे. मुंबईच्या कागदांतून ते पुरते सिद्ध करता येत नाही. त्यासाठी ज्यांचे दप्तर नीटनेटके होते अशांकडे जावे लागते, आणि १९१८ मध्ये असे दप्तर होते सैन्याच्या छावण्यांत.

छावणीतला शिपाई आजारी पडला की कोणत्या तारखेला पडला, ताप किती, इस्पितळात कधी आला, न्युमोनिया कधी झाला, कधी गेला, सारे कागदावर येई. गेल्यावर शवविच्छेदन होई आणि फुप्फुसातला नमुना प्रयोगशाळेत जाई. अमेरिकन सैन्य नुकतेच उभे राहत होते, आणि रॉकफेलर संस्थेतले, विद्यापीठांतले अव्वल जंतुशास्त्रज्ञ गणवेश चढवून त्याच छावण्यांत दाखल झाले होते. इतक्या मोठ्या साथीचे इतके काटेकोर दप्तर त्याआधी कुठे तयार झालेले नाही.

या दप्तरातली पहिली साक्ष साध्या दिवसांच्या मोजणीची आहे. ब्रंडेज आणि शँक्स या सैनिकी आरोग्याच्या अभ्यासकांनी २००८ मध्ये जुने अहवाल काढून आजाराचा पहिला दिवस आणि मृत्यूचा दिवस यांतले अंतर मोजले. पहिल्या तीन दिवसांत गेलेले फार थोडे निघाले. अंतराचा मध्य सात ते दहा दिवसांवर होता, आणि बऱ्याच जणांचा मृत्यू दोन आठवड्यांनंतरचा होता. मग त्यांनी १९२०-३०च्या दशकांतली, म्हणजे प्रतिजैविके येण्याआधीची, न्युमोकॉकस या जिवाणूच्या न्युमोनियाची आकडेवारी शेजारी ठेवली. मृत्यूचे वेळापत्रक दोन्हीकडे जवळपास सारखे होते. फ्लूचा विषाणू एकटाच मारत असता तर मृत्यूंची दाटी पहिल्या चार-पाच दिवसांत दिसायला हवी होती.

दुसरी साक्ष शवविच्छेदनाची. मॉरेन्स, टॉबेनबर्गर आणि फाउची या संशोधकांनी २००८ मध्येच १५ देशांतल्या १०९ अहवालमालिका गोळा केल्या. एकूण ८,३९८ शवविच्छेदने. जुन्या कागदांत एक फसवी जागा असते: जंतू सापडला की डॉक्टर लिहितो, सापडला नाही तर लिहायचे राहून जाते. म्हणून ज्या ६८ मालिकांत न सापडल्याच्याही नोंदी प्रामाणिकपणे ठेवल्या होत्या त्या त्यांनी वेगळ्या काढल्या. त्यांतही फुप्फुसांच्या ९२.७ टक्के तपासण्यांत किमान एक जिवाणू वाढला होता. न्युमोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, स्टॅफिलोकॉकस आणि फायफर यांनी १८९२ मध्ये शोधलेला, फ्लूचे मूळ म्हणून तेव्हा गाजलेला, पण पुढे नुसता मागून येणारा ठरलेला जिवाणू. घशातली ही नेहमीचीच मंडळी होती.

यावर एक रास्त शंका घेता येते. मेल्यानंतर शरीरात जंतू पसरतातच; मग सापडलेला जंतू मृत्यूचे कारण कशावरून? याचे उत्तर काचपट्टीवर आहे. वॉशिंग्टनच्या आर्मी मेडिकल म्युझियममध्ये त्या शवविच्छेदनांतले फुप्फुसाचे तुकडे मेणात जपून ठेवले होते. मॉरेन्स प्रभृतींनी त्यांतल्या ५८ जणांच्या ऊतींचे नवे काप तपासले. सगळ्यांत जिवाणूजन्य न्युमोनियाच्या ठळक खुणा होत्या: वायुकोश पांढऱ्या पेशींनी गच्च भरलेले आणि त्यांत जंतूंचे थवे. मेलेल्या शरीरात जंतू शिरू शकतात, पण त्यांच्याशी लढायला पांढऱ्या पेशी धावून येत नाहीत. ती लढाई माणूस जिवंत असतानाच झाली.

मेणातल्या त्या तुकड्यांपैकी एकाची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. साउथ कॅरोलायनातल्या कॅम्प जॅक्सन छावणीतला २१ वर्षांचा एक शिपाई सप्टेंबरात आजारी पडला आणि २६ सप्टेंबर १९१८ रोजी पहाटे वारला. त्याच दिवशी दुपारी शवविच्छेदन झाले, नखाएवढे तुकडे कापून मेणात घालून वॉशिंग्टनला गेले आणि जवळजवळ ऐंशी वर्षे कपाटात राहिले. टॉबेनबर्गर यांच्या गटाने ते काढले तेव्हा त्या शिपायाची दोन फुप्फुसे दोन वेगळ्या तारखा सांगत होती. डावे फुप्फुस जिवाणूंच्या न्युमोनियाने पूर्ण घट्ट झालेले. मृत्यू तिथे झाला होता. उजवे मागे राहिले होते. त्यात लहान श्वासनलिकांभोवती फ्लूचे अगदी सुरुवातीचे घाव होते, आणि तिथेच विषाणूच्या जनुकांचे तुटके धागे हाती लागले. १९१८च्या विषाणूची पहिली जनुकीय ओळख जगाला मार्च १९९७ मध्ये झाली ती या उजव्या फुप्फुसामुळे. डाव्यातून विषाणू केव्हाच गेला होता. एकाच छातीत आधीचा घाव एका बाजूला आणि नंतरचा दुसऱ्या बाजूला, असा पुरावा इतिहासात क्वचित मिळतो.

विरुद्ध बाजूची साक्षही आहे आणि ती झाकू नये. मॅसॅच्युसेट्समधल्या कॅम्प डेव्हन्स छावणीतून एका डॉक्टरने २९ सप्टेंबरला मित्राला लिहिलेले पत्र पुढे अनेक वर्षांनी एका ट्रंकेत सापडले आणि १९७९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापले. दाखल झाल्यावर काही तासांत गालांवर तांबूस-काळे डाग, मग कानापासून चेहराभर पसरत जाणारी निळाई, मग हवेसाठी तडफड, असे वर्णन त्यात आहे. असे मृत्यू झाले. रक्तमिश्रित पाण्याने भरलेली फुप्फुसे त्या छावण्यांतल्या शवविच्छेदनांतही दिसली. काही जणांना विषाणूनेच मारले यात संशय नाही. शिवाय त्या काळी ॲस्पिरिन आज जीवघेणे ठरेल इतक्या मात्रेत दिले जाई, त्याचाही हात काही मृत्यूंत असावा. पण तडकाफडकी गेलेल्या माणसांची आठवण ठळक राहते, दहाव्या दिवशी शांतपणे गेलेल्यांची राहत नाही. मोजणी केली की दहाव्या दिवसाची माणसे कितीतरी अधिक निघतात.

आता मधल्या दिवसांत काय केले गेले, ते पाहू. आर्कन्सॉमधल्या कॅम्प पाइक छावणीत युजीन ओपी, फ्रान्सिस ब्लेक, जेम्स स्मॉल आणि टॉमस रिव्हर्स या चौघांनी साथ चालू असतानाच तपास केला आणि १९२१ मध्ये त्याचा ग्रंथ काढला. त्यांचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष वॉर्डांबद्दल होता. फ्लूचा रुग्ण दाखल होताना त्याच्या घशात घातक स्ट्रेप्टोकॉकस बहुधा नसे. गच्च भरलेल्या वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाकडून तो त्याला मिळे, आणि मग न्युमोनियात न्युमोनिया. न्युमोकॉकसच्या न्युमोनियातून सावरत असलेला माणूस स्ट्रेप्टोकॉकसने जाई. याचा अर्थ असा, की ज्या इस्पितळात माणूस बरा व्हायला येत होता तिथेच त्याला दुसरा घाव बसत होता. दाखल होताच घशाची तपासणी, जंतूवार वेगळे वॉर्ड, खाटांत अंतर, मध्ये चादरींचे पडदे, सेवकांच्या तोंडाला फडके आणि हात धुणे हे त्यांचे उपाय. आज ते साधे वाटतात. तेव्हा एका खाटेच्या जागेत दोन खाटा ठेवण्याची वेळ आलेली होती.

हा निष्कर्ष वाचून मुंबईकडे वळले की ६१.६ हा आकडा वेगळा दिसू लागतो. त्या काळी मुंबईतले सुमारे दोन-तृतीयांश लोक एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत. कॅम्प पाइकच्या डॉक्टरांनी ज्या गर्दीला घातक म्हटले, ती चाळीतल्या खोलीतली रोजची गर्दी होती. त्यात पावसाळा हुकलेला, धान्याचे भाव चढलेले, डॉक्टर आणि परिचारिका मोठ्या संख्येने युद्धावर गेलेल्या. न्युमोनिया झालेल्याला उशी देऊन बसते करणारे, पाणी पाजणारे, कूस बदलणारे माणूस लागते. आणि घरातले सगळेच आडवे असले की ते कुठून येणार? साथीत भारतात स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त गेल्या, हे व्हाइट यांच्या काळापासून नोंदलेले आहे. शुश्रूषा करणारी तीच, आणि ती पडली की तिची शुश्रूषा करणारे कोणी नाही.

प्रतिबंधक लसीचाही प्रयत्न झाला. विषाणू अजून कोणी पाहिला नव्हता. तो माणसाच्या घशातून वेगळा झाला १९३३ मध्ये, लंडनमध्ये, फेरेट या प्राण्यावरच्या प्रयोगात. म्हणून १९१८च्या लसी जिवाणूंच्याच होत्या. ब्रिटिश युद्धखात्याने ऑक्टोबरात ठरवलेल्या लसीत फायफरचा जिवाणू, न्युमोकॉकस आणि स्ट्रेप्टोकॉकस असे तीन मारलेले जंतू होते. लाखो लोकांनी अशा लसी टोचून घेतल्या आणि टोचणाऱ्या बहुतेकांनी यश जाहीर केले. अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगशाळेचे जॉर्ज मकॉय यांनी मात्र कॅलिफोर्नियातल्या एका मनोरुग्णालयात एकाआड एक रुग्णाला अशी एक लस टोचली आणि उरलेल्यांशी तुलना केली. साथ आली तेव्हा दोन्ही गटांत सारखेच आजारी पडले. बाकीच्या यशांचे रहस्य असे होते, की साथ उतरणीला लागल्यावर टोचायचे, आणि जे टोचण्याआधीच आजारी पडले ते न टोचलेल्यांत मोजायचे. डिसेंबर १९१८ मध्ये शिकागोत सार्वजनिक आरोग्याच्या परिषदेने लस तपासण्याचे नियम ठरवले, ते या घोळातूनच. पण ही कल्पनाच वेडगळ होती असे म्हणणे बरोबर होणार नाही. त्या लसींनी फ्लू थांबणार नव्हता, तरी त्यांतल्या काहींनी न्युमोनिया थोडाफार रोखला असावा, असे त्या वेळच्या तेरा अभ्यासांची २०१० मध्ये फेरतपासणी करणाऱ्यांना वाटले. त्यांचा रोख योग्य शत्रूवर होता.

उपचारांत हाताशी फार थोडे होते. रॉकफेलर इस्पितळाने न्युमोकॉकसच्या पहिल्या प्रकारावर घोड्याच्या रक्तातले प्रतिद्रव्य तयार केले होते आणि ते खरोखर लागू पडे. पण फ्लूमागून येणाऱ्या न्युमोनियात बहुधा दुसरेच प्रकार निघत.

एक उपचार मात्र १९१८ मध्येच पार बदलला आणि त्याने माणसे वाचवली. तो होता छातीत साठलेल्या पुवाचा. स्ट्रेप्टोकॉकसच्या न्युमोनियात फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामध्ये झपाट्याने पाणी भरते आणि त्याचा पू होतो. १९१७-१८च्या हिवाळ्यात गोवराच्या साथीमागून छावण्यांत ही व्याधी आली तेव्हा शल्यविशारद पाठ्यपुस्तकाप्रमाणे वागले: पू दिसला की बरगडीचा तुकडा काढायचा, छाती उघडायची, पू वाहू द्यायचा. शंभरातले तीस जण मरत होते. सैन्याने नेमलेल्या आयोगातले तरुण शल्यविशारद एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी प्राण्यांवर प्रयोग करून कारण दाखवले. न्युमोनिया ऐन भरात असताना पू पाण्यासारखा पातळ असतो, फुप्फुस अजून छातीच्या भिंतीला चिकटलेले नसते. अशा वेळी छाती उघडली की बाहेरची हवा आत घुसते, आजारी फुप्फुस मिटते आणि हृदयासकट मधला भाग सरकून चांगल्या फुप्फुसालाही दाबतो. आधीच अर्ध्या श्वासावर असलेला माणूस टेबलावरच जातो. ग्रॅहम यांचे म्हणणे असे: घाई करू नका. सुरुवातीला सुईने पाणी ओढा, पुन्हा साठले तर पुन्हा ओढा, हवा आत जाऊ देऊ नका. सुईतून येणारा द्रव दाट होईपर्यंत थांबा, रुग्णाला पोटभर खायला घाला, आणि मग निचरा करा. व्हर्जिनियातल्या कॅम्प ली छावणीत हे केले तेव्हा मृत्यूचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. नेमक्या दिवशी नेमके काय करायचे एवढेच बदलले. फ्लूची लाट आली तेव्हा ही पद्धत हाताशी होती, आणि छातीतला पू हवाबंद नळीने काढण्याची आजची रीत त्याच वाटेने आलेली आहे.

पुढची तीस वर्षे औषधांची. १९३८ मध्ये सल्फापिरिडिन आले, युद्धकाळात पेनिसिलिन आले, आणि न्युमोकॉकसच्या न्युमोनियाची धास्ती गेली. १९५७च्या मे महिन्यात सिंगापूरहून मद्रासला आलेल्या ‘राजुला’ बोटीबरोबर आशियाई फ्लू भारतात उतरला. कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले डॉ. मेनन यांनी जमवलेल्या आकडेवारीनुसार फेब्रुवारी १९५८ पर्यंत देशात ४४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि मृत्यू १,०९८. नोंद अपुरी असणार हे धरूनही १९१८शी तुलनाच नको. पण विषाणू वेगळा होता हे विसरून सारे श्रेय औषधांना देऊ नये. त्याच वर्षी युरोप-अमेरिकेतल्या इस्पितळांत दुसरीच अडचण उभी राहिली. हॉलंडमधल्या मृतांच्या फुप्फुसांत आता स्टॅफिलोकॉकस पुढे होता, आणि इस्पितळांतला स्टॅफिलोकॉकस एव्हाना पेनिसिलिनला दाद देईनासा झाला होता. एका जंतूला आवर घातला की त्याची जागा दुसरा घेतो.

मधल्या काळात या जोडगोळीचे मर्मही उलगडत गेले. श्वासनलिकांना आतून सूक्ष्म केसांच्या पेशींचे अस्तर असते. ते केस घरातल्या झाडूसारखे कफ आणि जंतू सतत वर लोटत असतात. फ्लूचा विषाणू हे अस्तरच सोलून काढतो. त्याच्या अंगावरचे न्युरामिनिडेज हे विकर पेशींवरची साखर छाटते आणि न्युमोकॉकसला चिकटायला जागा मोकळी होते. त्यावर कडी म्हणजे विषाणूशी लढताना शरीर जी इंटरफेरॉन द्रव्ये सोडते, त्यांनी जंतू गिळणाऱ्या पेशी काही दिवस मंदावतात. उंदरांवरच्या प्रयोगांत न्युमोकॉकससाठी सर्वांत घातक काळ निघाला तो लागणीनंतर साधारण आठवड्याचा. छावण्यांच्या दप्तरातले सात ते दहा दिवस इथे पुन्हा भेटतात.

२००९ मध्ये भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात नोंदला गेला. पुणेकरांना तोंडावरचे रुमाल आणि नायडू रुग्णालयासमोरच्या रांगा आठवत असतील. सारी चर्चा विषाणूची आणि टॅमिफ्लूची होती. त्याच वेळी अमेरिकेत मृत ७७ रुग्णांच्या ऊती तपासल्या, तर २२ जणांत जिवाणूंची जोड निघाली. पुन्हा न्युमोकॉकस, स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस. म्हणजे प्रतिजैविकांच्या युगातही दर सातांत दोन.

प्रतिबंधाचा सर्वांत भक्कम पुरावा दक्षिण आफ्रिकेतून आला. शब्बीर माधी आणि कीथ क्लुगमन यांनी ३७ हजारांहून अधिक बाळांवरच्या चाचणीचा निष्कर्ष २००४ मध्ये मांडला. लस न्युमोकॉकसची होती, विषाणूंशी तिचा काही संबंध नव्हता. तरी श्वसनविषाणू सापडलेल्या न्युमोनियांचे प्रमाण लस घेतलेल्या बाळांत ३१ टक्क्यांनी कमी झाले. दुसरा घाव अडवला, तर पहिला घाव बाळ सोसते. आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ही लस २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर मोफत आहे: दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची न्युमोसिल ही स्वस्त लस जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केली, त्याचा या देशभरच्या विस्ताराला मोठा हातभार लागला. वृद्धांसाठी मात्र न्युमोकॉकसची लस अजून सरकारी कार्यक्रमात नाही. फ्लूने आणि त्यामागच्या न्युमोनियाने सर्वाधिक मरतात ते पासष्टीपुढचे, दमेकरी, मधुमेही आणि हृदयरोगी; त्यांना ती स्वतःच्या खिशातून घ्यावी लागते. हे बदलायला हवे.

तोवर प्रत्येक घराला करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. घरातल्या बाळाचे तिन्ही डोस झाले आहेत का ते कार्डावर पाहा. आई-वडिलांसाठी दरवर्षी फ्लूची लस आणि एकदा न्युमोकॉकसची लस, याविषयी डॉक्टरांशी बोला. साध्या फ्लूवर प्रतिजैविके मागू नका. विषाणूवर ती चालत नाहीत, आणि उगाच घेतल्याने गरजेच्या दिवशी निकामी ठरतात. पण ताप उतरून माणसाला बरे वाटत असताना दोन-चार दिवसांनी ताप पुन्हा चढला, हुडहुडी भरली, श्वास घेताना छातीत कळ आली, कफ गंजासारखा किंवा पुवासारखा झाला, धाप लागली, किंवा म्हातारे माणूस एकाएकी गोंधळल्यासारखे बोलू लागले, तर त्याला ‘अशक्तपणा’ म्हणू नका आणि सकाळची वाट पाहू नका. त्याच दिवशी इस्पितळ गाठा, आणि आधी फ्लू होऊन गेला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.